दोरी ओढणाऱ्यांच्या यादीतलं सातवं नाव

मला आलेलं पत्र थोडक्यात असं. पत्रलेखक एका जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आहेत. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन उपअधीक्षक म्हणून दलात आले, पुढे भारतीय पोलीस सेवेत गेले. ३३ वर्षं नोकरी झाली, सात आठवड्यांनी निवृत्ती. मुख्यालयाच्या कवायत मैदानावर निरोपाचा कार्यक्रम ठरला आहे आणि ‘नेतृत्व आणि सेवा’ या विषयावर साहेबांनी वीस मिनिटं बोलावं, असा सगळ्यांचा आग्रह आहे. ते लिहायला बसतात आणि दर वेळी त्याच जागी अडतात.

या जिल्ह्यात रुजू झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात मिरवणुकीच्या बंदोबस्तावरच्या एका हवालदाराचा व्हिडिओ फिरला. अकरा सेकंदांचा. हवालदार दहा-बारा वर्षांच्या मुलाला जोरात ढकलतो, मुलगा पडतो. रात्री साडेनऊपर्यंत तीन मोठ्या माणसांचे फोन येऊन गेले होते. रीडर, म्हणजे त्यांच्या कार्यालयातला कागदपत्रं बघणारा सहायक, म्हणाला, “साहेब, पूर्ण व्हिडिओ मागवलाय, सकाळपर्यंत थांबू या का?” त्याला त्यांनी गप्प केलं. दहा वाजता निलंबनाचा आदेश निघाला. पुढे चौकशीत दिसलं की मुलगा ट्रकच्या मागच्या चाकाखाली जात होता आणि हवालदाराने त्याला वाचवलं होतं. सहा महिन्यांनी हवालदार कामावर परतला. तो निलंबनाचा काळ कसा धरायचा, ती फाइल मात्र ‘विचाराधीन’ राहिली. दरम्यान हवालदारांना सहायक फौजदार करण्याची पदोन्नतीची यादी लागली, तीत त्याचं नाव नव्हतं.

परवा अधीक्षकांच्या टेबलावर आणखी एक यादी आली. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याची गाडी दोरीने ओढत मुख्यालयाच्या फाटकापर्यंत न्यायची पद्धत आहे. दोरी ओढणाऱ्या सोळा जणांच्या यादीत सातवं नाव त्या हवालदाराचं होतं.

ते लिहितात : “भाषणात त्याची जाहीर माफी मागू का? पत्नी म्हणते, मागून टाका, मन हलकं होईल. माझा बॅचमेट म्हणतो, वेडेपणा करू नकोस, दल खचेल आणि उद्या प्रत्येक निलंबित माणूस कागद घेऊन दारात उभा राहील. हवालदाराने कधी तक्रार केली नाही. आजही समोर आला की कडक सॅल्यूट ठोकतो. माझ्या माणसांनी फार सोसलं, त्यांच्या त्यागावरच मी उभा आहे. पण मी नेतृत्व केलं, की नुसती खुर्ची सांभाळली, हेच मला कळेनासं झालंय.”

सप्रेम नमस्कार.

भाषणाचं नंतर बघू. आधी एक तारीख लक्षात घ्या. सेवानिवृत्तीच्या आदेशात ‘मध्यान्हानंतर’ असा शब्द असतो. त्या दिवशीच्या मध्यान्हापर्यंत तुमच्या सहीने एखाद्याची नोकरी इकडची तिकडे होऊ शकते. त्यानंतर ती सही फक्त बँकेत चालते. तुम्ही मला विचारताय ते मध्यान्हानंतरच्या गोष्टीबद्दल. मला काळजी वाटते ती मध्यान्हाआधीच्या सात आठवड्यांची.

त्या हवालदाराचं तुमच्याकडे काय अडकलंय? पत्रात सगळं तुम्हीच लिहिलंय, फक्त ते माफीच्या खाली दबून गेलंय. निलंबित माणसाला निर्वाहभत्ता मिळतो, सुरुवातीचे तीन महिने साधारण अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका. म्हणजे सहा महिने त्याचं घर अर्ध्याच्या आसपास पगारावर चाललं. कामावर परत घेताना त्या काळाचं वेतन किती द्यायचं आणि तो काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही, याचा स्पष्ट आदेश सक्षम अधिकाऱ्याने काढायचा असतो, असं नियम सांगतात. निलंबन पूर्णपणे असमर्थनीय होतं असं ठरलं, तर पूर्ण वेतन आणि पूर्ण कर्तव्यकाळ. हा आदेश तुम्ही काढलेला नाही. तो जोवर निघत नाही, तोवर सेवापुस्तकात त्या सहा महिन्यांच्या जागी नुसतं भोक आहे. पोलीस अंमलदार अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. तुमच्या हवालदाराचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण सहायक फौजदार व्हायच्या उंबरठ्यावरचा माणूस म्हणजे पन्नाशी ओलांडलेला असणार. उद्या त्याची पेन्शनची कागदपत्रं तयार होतील तेव्हा ते भोक कुणा कारकुनाला दिसेल आणि फाइल परत येईल. तोवर तुम्ही गावी बागकाम करत असाल.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की माफी मागायची की नाही हे ठरवायच्या आधी ती फाइल मागवा. ‘विचाराधीन’ या शब्दामागे विचार करणारं कुणीतरी असायला हवं, आणि ते तुम्हीच आहात. निलंबनकाळ नियमित करण्याचा आदेश काढा. थकबाकी याच महिन्याच्या देयकात लागेल असं बघा. सेवापुस्तकात नोंद झाली का, ते स्वतः पान उघडून तपासा, कारण आदेश निघणं आणि नोंद होणं यांत आपल्याकडे वर्ष जातं. पदोन्नतीचं थोडं किचकट आहे. निलंबनामुळे त्याचं नाव मागे ठेवलं असेल किंवा निर्णय चौकशी संपेपर्यंत मोहोरबंद पाकिटात गेला असेल, तर निर्दोष ठरल्यावर मानीव दिनांक, म्हणजे पदोन्नती आधीच्या तारखेपासून मिळाली असं धरण्याचा, विचार करता येतो. जे तुमच्या अधिकारात बसतं ते तुम्ही करा. जे बसत नाही त्याचा प्रस्ताव परिक्षेत्र कार्यालयाकडे पाठवा आणि त्यात एक वाक्य स्पष्ट लिहा : ‘निलंबनाचा निर्णय पूर्ण चित्रफीत न पाहता घेतला गेला.’ ‘मी घेतला’ असं कर्तरी प्रयोगात लिहिलंत तर आणखी चांगलं.

हे वाक्य लिहायला तुम्हाला भाषणापेक्षा जड जाईल. भाषण हवेत विरून जातं, प्रस्तावाला जावक क्रमांक असतो.

आता माफीकडे येऊ. इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या पहिल्या नोकरीत एका वरिष्ठांनी माझ्यावर एक चूक ढकलली होती, जी त्यांची होती. तीन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन त्यांनी माझं नाव घेतलं, माझ्यावर अन्याय झाला असं सांगितलं, त्यांचा गळा दाटून आला. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी काय करणार होते? हसले, हात जोडले, टाळ्या वाजवल्या. लोक त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक करत घरी गेले. माझ्या गोपनीय अहवालातला शेरा होता तसाच राहिला. आज इतक्या वर्षांनी मला त्या शेऱ्यापेक्षा त्या टाळ्यांचा जास्त राग येतो, कारण त्या मला वाजवायला लागल्या होत्या.

तुमच्या हवालदाराला त्या मैदानावर टाळ्या वाजवायला लावू नका. चारशे माणसांसमोर, गणवेशात, जिल्ह्याच्या प्रमुखाने माफी मागितली तर त्याच्यापुढे एकच रस्ता उरतो, सावधान उभं राहून ती स्वीकारायचा. नाही म्हणायची सोय नसलेल्या माणसाकडून मिळालेली क्षमा तुम्हाला तरी पटेल का? वहिनी म्हणतात की मन हलकं होईल. होईलही. पण कुणाचं, एवढं त्यांना एकदा विचारून बघा. त्यांचं निम्मं म्हणणं मात्र खरं आहे : न बोलता जाऊ नका.

बोला, पण त्याच्याशी. त्याला चेंबरमध्ये ‘बोलावणं’ पाठवू नका. अधीक्षकांनी बोलावलंय म्हटल्यावर माणूस रात्रभर जागतो, आपलं काय चुकलं याचे मनात दहा कसुरी अहवाल लिहितो. सध्या तो जिथे ड्युटीला आहे तिथे जा, किंवा ड्युटी संपल्यावर तो मोकळा असेल तेव्हा भेटा. त्याला खुर्ची द्या आणि तो बसेपर्यंत बोलायला सुरुवात करू नका. आदेशाची प्रत सोबत न्या. मग साध्या शब्दांत सांगा की त्या रात्री मी पूर्ण व्हिडिओ बघितला नाही, फोन आले म्हणून सही केली, ती माझी चूक होती, आणि नंतर वर्षभर फाइल अडवून ठेवली ती त्याहून मोठी चूक होती. ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणू नका. परिस्थिती त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तो त्या ट्रकच्या चाकाजवळ उभा होता. ‘मला माफ कर’ असंही म्हणू नका. ती मागणी झाली, आणि तुमच्या हुद्द्याच्या माणसाची मागणी म्हणजे हुकूमच. चूक सांगा, काय केलं ते सांगा, आणि गप्प बसा. तो रागावेल, रडेल किंवा “जाऊ द्या साहेब” म्हणेल. काहीही म्हणाला तरी ते त्याचं आहे.

आणि तो सॅल्यूट. तुम्ही लिहिलंय की तो आजही कडक सॅल्यूट ठोकतो, त्याने कधी तक्रार केली नाही. हे तुम्हाला दिलासा म्हणून वाटतंय की टोचणी म्हणून, ते मला कळलं नाही, पण दोन्हींपैकी कुठलाच अर्थ काढू नका. सॅल्यूट खांद्यावरच्या निशाणीला असतो. प्रशिक्षण केंद्रात पहिल्या आठवड्यात तो हाडात मुरवतात, त्यात क्षमा नसते आणि रागही नसतो. तक्रार का केली नाही, याचंही उत्तर सोपं आहे : ती कुणाकडे करायची होती? तुमच्याविरुद्धचा अर्ज तुमच्याच आवक शाखेत आला असता.

पत्रात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याबद्दल तुम्ही एका ओळीपेक्षा जास्त लिहिलेलं नाही. तुमचा रीडर. मला विचाराल तर तुमच्या नेतृत्वाच्या प्रश्नाचं उत्तर हवालदारापेक्षा या माणसाजवळ जास्त आहे. रात्री साडेनऊला, साहेबांचा पारा चढलेला असताना, सलग फोन वाजत असताना, एक कनिष्ठ कर्मचारी म्हणाला की सकाळपर्यंत थांबू या. तो बरोबर होता. त्यानंतरच्या दीड वर्षात तो पुन्हा कधी असं काही बोलला का? आठवून बघा. नसेल बोलला, तर त्या रात्री एकाचं निलंबन झालं आणि दुसऱ्याचं तोंड बंद झालं. दुसऱ्याची नोंद कुठल्याच सेवापुस्तकात नाही.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या पोलीस दलाने गेल्या दशकात एक प्रशिक्षण सुरू केलं. सहकारी चुकीचं काही करायला निघालाय असं दिसलं तर त्याला कसं थांबवायचं, आणि आपल्याला कुणी थांबवलं तर अपमान न मानता कसं थांबायचं, हे त्यात सराव करून शिकवतात. त्यातलं दुसरं शिक्षण मला जास्त अवघड वाटतं, आणि खांद्यावरचे तारे वाढत जातात तसं ते अधिकच अवघड होत असणार. पण इतक्या लांब कशाला जायचं? २०१६ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो शहरभर नेला. ती कल्पना त्याच ठाण्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्याची होती. बारा-चौदा तासांच्या ड्युटीला पर्याय म्हणून त्याने पाळ्यांचं गणित कागदावर मांडून दाखवलं. आयुक्तांनी ते डोक्यातून काढलेलं नव्हतं. त्यांनी खालून आलेला कागद वर येऊ दिला, वाचला आणि एका ठाण्यात करून बघितला. नेतृत्वावर वीस मिनिटं बोलायचंच असेल, तर एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

तुमच्या रीडरलाही जायच्या आधी भेटा. त्याला एवढंच सांगा की त्या रात्री तू बरोबर होतास. आणि जमल्यास त्याच्या नावे एक बक्षीस काढा. कारण सरळ लिहा, ‘वरिष्ठांना योग्य वेळी सावध केल्याबद्दल’. अशा कारणासाठी दिलेलं बक्षीस जिल्ह्याच्या आदेशपुस्तकात कुणी पाहिलं नसेल. सगळ्या ठाण्यांत त्याची चर्चा होईल आणि ती तुमच्या भाषणापेक्षा जास्त दिवस टिकेल.

आता त्या शब्दाकडे वळते, ज्याच्याशी माझं जरा भांडण आहे. त्याग. ‘माझ्या माणसांच्या त्यागावर मी उभा आहे,’ असं तुम्ही लिहिता. प्रामाणिकपणेच लिहिलं असणार. पण त्याग हा करणाऱ्याने आपणहून करायचा असतो. तीनदा नामंजूर झालेली हक्क रजा, बंदोबस्तात गेलेली साप्ताहिक सुट्टी, मुलीचं बक्षीस समारंभातलं नाव फोनवरून ऐकणं, हा त्याग नव्हता. तो रजेच्या अर्जावरचा शेरा होता, आणि तो शेरा कुणाच्या तरी हातचा होता. शेरा मारणाऱ्यानेच नंतर त्याला त्याग म्हटलं की हिशोबाचं पान बंद होतं.

दर वर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन होतो. १९५९ साली त्या दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले, तेव्हापासून. वर्षभरात कामावर असताना जीव गमावलेल्यांची नावं त्या दिवशी एकेक करून वाचली जातात. तुम्ही तीस वेळा तरी ते ऐकलं असेल. मृतांची मोजणी आपण नावानिशी करतो, आणि ते योग्यच आहे. जिवंत माणसांच्या थकलेल्या रजांची मात्र बेरीज कुणी वाचून दाखवत नाही. निरोपाच्या भाषणात तुकाराम ओंबळे यांचं नाव येणार हेही मी धरून चालते, आणि यावंच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली, सोडली नाही. त्यांना अशोकचक्र मिळालं. त्यांचा हुद्दा होता सहायक फौजदार. तुमच्या हवालदाराला जो मिळता मिळता राहिला, तोच. ओंबळ्यांचं नाव घ्याल तेव्हा हे तुमच्या मनात असू द्या, एवढंच म्हणते. त्यांच्या शौर्याने तुमच्या दलातल्या कुणाची थकबाकी फिटत नाही.

म्हणून सात आठवड्यांतलं दुसरं काम. फक्त या एका माणसासाठी नको. आस्थापना शाखेला सांगून एक तक्ता करून घ्या : निलंबनकाळाचा निर्णय राहिलेले किती, निकाली न निघालेल्या प्राथमिक चौकश्या किती, वैद्यकीय देयकं कुणाची अडकली आहेत, पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांपैकी कुणाची सेवापुस्तकं अपुरी आहेत. मग आठवड्यातून एकदा, पूर्वी ऑर्डरली रूममध्ये शिक्षा ऐकवायला बसायचात तसंच, हे निकाली काढायला बसा. कामाचा कंटाळा येईल. येऊ द्या. जे उरेल ते प्रभार सोपवतानाच्या टिपणात तारखांसह लिहा, म्हणजे नवीन अधीक्षकांना ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहणार नाही.

इथे तुमच्या बॅचमेटचा मुद्दा येतो. तो मी उडवून लावणार नाही. प्रत्येक निलंबन चुकीचं नसतं. हात उगारणारा, पैसे खाणारा, कोठडीत माणसाला मारणारा पोलीस त्याच रात्री बाजूला व्हायला हवा, आणि तुमच्या हळवेपणाचा फायदा अशा कुणाला मिळता कामा नये. पण ‘प्रत्येक जण कागद घेऊन येईल’ ही भीती मला पटत नाही. येऊ देत. कागद वाचायचे असतात. ज्याचा खरा असेल त्याला न्याय मिळेल, ज्याचा खोटा असेल तो परत जाईल. आणि दल खचतं ते साहेबाने चूक मान्य केल्याने, की अकरा सेकंदांवर सही होते हे सगळ्यांना ठाऊक असल्याने? त्या आदेशानंतर तुमच्या जिल्ह्यात कुणी चाकाखाली जाणाऱ्या मुलाला हात लावताना क्षणभर थांबला असेल का, हे एकदा बॅचमेटलाच विचारा.

चूक मान्य न करण्याची किंमत फार पुढे जाऊ शकते. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्याला चेंगराचेंगरी झाली, अखेर ९७ जीव गेले. बंदोबस्ताच्या प्रमुखाने तेव्हा सांगितलं की प्रेक्षकांनी फाटक जबरदस्तीने उघडलं. ते उघडायचा हुकूम त्याचाच होता. कनिष्ठ पोलिसांचे जबाबही नंतर बदलले गेले. तो खोटं बोलला हे त्याने चौकशीत कबूल केलं २०१५ साली, सव्वीस वर्षांनी, निवृत्त होऊन जवळपास दोन तपं झाल्यावर. तुमचं प्रकरण त्याच्या पासंगालाही नाही, तुलना करायला मलाच संकोच वाटतो. पण तिथल्या मृतांच्या घरच्यांनी इतकी वर्षं जे मागितलं ते भाषण नव्हतं. नोंदीत खरं काय ते लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या तीन फोनांबद्दलही थोडं. तुम्ही ते ओझरते लिहिलेत, नावं दिली नाहीत, बरं केलंत. वरून दाब येतो हे खरं आहे, आणि तो पेलायला एकट्या अधीक्षकाची छाती पुरत नाही, हेही खरं. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला. जिल्ह्याच्या अधीक्षकासह महत्त्वाच्या पदांवरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, असं त्यात आहे. हेतू हाच की एका फोनवर बदली होईल ही भीती नसावी. अंमलबजावणी कशी रखडली, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मला वेगळंच सुचवायचं आहे : निवृत्तीनंतर तुम्हाला बदलीची भीती उरणार नाही. दाबाखाली सही कशी होते, हे आतून माहीत असलेला माणूस उपअधीक्षकांच्या नव्या तुकडीसमोर तासभर बोलला, हवालदाराची ओळख पुसून आणि स्वतःची न पुसता, तर त्या मुलांना अशी गोष्ट ऐकायला मिळेल जी अभ्यासक्रमात नसते. जाहीर बोलायची ओढ तुमच्यात आहेच. ती तिथे न्या.

हे सगळं वाचणाऱ्यांत मुख्याध्यापक असतील, शाखाधिकारी असतील, कारखान्यातले पर्यवेक्षक असतील, खुर्ची सोडायची वेळ जवळ आलेले. तुमच्या ड्रॉवरमध्येही असा एखादा कागद असणार. कुणाची वेतनवाढ, कुणाचा शेरा, कुणाचा अनुभवाचा दाखला. निरोपाची शाल अंगावर पडायच्या आधी तो ड्रॉवर उघडा. नंतर त्याची किल्ली दुसऱ्याकडे असते.

‘नेतृत्व केलं की खुर्ची सांभाळली’, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ३३ वर्षांचा एकच निकाल लागत नसतो. काही दिवस केलं असेल, काही दिवस खुर्चीला धरून बसला असाल, त्या रात्री तर नक्कीच. ज्या कुणाला या बाबतीत काही सांगता येईल ते सगळे अजून तुमच्या हाताखाली आहेत, आणि हाताखाली आहेत तोवर खरं सांगणार नाहीत. सहा महिन्यांनी साध्या कपड्यांत एखाद्या पोलीस ठाण्यात जा. ठाणे अंमलदार उठून उभा राहतो का ते बघू नका, बसलेल्या जागेवरून तुमच्याशी मोकळेपणाने काय बोलतो ते ऐका.

भाषण सात मिनिटांचं करा. रीडरची गोष्ट सांगा, त्याने होकार दिला तर नावासकट. ज्यांची नावं कधी घेतली जात नाहीत त्यांची घ्या : मुद्देमाल सांभाळणारा कारकून, बिनतारी कक्षात रात्री बसणारी शिपाई, हजेरी मास्तर. हवालदाराचा उल्लेख त्याने स्वतः म्हटलं तरच. ‘नाव न घेता सांगतो’ वगैरे करू नका, मुख्यालयात सगळ्यांना कळतं.

आणि ती दोरी. यादीतून फक्त सातवं नाव खोडायचा मोह तुम्हाला होईल, कदाचित झालाही असेल. ते करू नका. पंधरा नावांची यादी फलकावर लागली की सोळावा कोण आणि का गाळला, हे संध्याकाळपर्यंत लाइनीतल्या पोरासोरांना ठाऊक होईल, आणि त्या माणसाच्या वाट्याला दुसरं निलंबन येईल, या वेळी बिनआदेशाचं. यादी आहे तशी मंजूरही करू नका. नावं लिहून, सही करून, वेळ नेमून जी दोरी ओढली जाते ती ड्युटीच झाली. ती ओढताना कुणाच्या मनात प्रेम असेलही, पण यादीवरून ते ओळखता येत नाही. पूर्ण यादी परत पाठवा आणि वर लिहा, ‘आवश्यकता नाही, मी चालत जाईन’. मैदानापासून फाटक फार तर दोनशे पावलं असेल. ज्याला सोबत चालायचं असेल तो चालेल, ज्याला घरी जायचं असेल तो जाईल, आणि हवालदार यातलं काय करतो ते तुम्ही मागे वळून बघणार नाही.

हा शेरा मात्र आजच मारून पाठवा. हजेरी मास्तर एकदा रंगीत तालीम लावून मोकळे झाले, की ती सोळा माणसं सात आठवडे रिकामी जीप ओढत बसतील.